‘राजा’ जहाजावरची वाकळ

होबार्टमध्ये जुलै म्हणजे ऐन थंडी. समोरच्या कुनान्यी डोंगराच्या माथ्यावर बर्फ असतं आणि संध्याकाळी पाचलाच दिवेलागण करावी लागते. चार वर्षांपूर्वी आम्ही टास्मानियात आलो तोही जुलैच. भाड्याच्या घरात हीटर होता, जाड रजया होत्या, तरी मला झोप अशी लागली ती तिसऱ्या रात्री, बॅगेच्या तळातून आजीची गोधडी काढून अंगावर ओढली तेव्हा. 23 किलोंच्या हिशोबात ती बसावी म्हणून मी निघायच्या आदल्या रात्री कुकर बाहेर काढून ठेवला होता. आई रागावली होती. परदेशात कुकर मिळेल, गोधडी मिळणार नाही, एवढंच मी तिला म्हणाले.

आमची गोधडी वाई तालुक्यातली. वरून आजीचं हिरवं नऊवारी, खालून विटलेलं अंजिरी, आणि मध्ये काय काय भरलंय ते आजीलाच ठाऊक. कडेला एके ठिकाणी वरचं लुगडं विरलंय, तिथून आतलं लाल फुलांचं चिटाचं पोलकं दिसतं. धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि चौकोनाच्या आत चौकोन करत मध्यापर्यंत जातो. लहानपणी ताप आला की मी त्या टाक्यांवरून बोट फिरवत मध्यापर्यंत पोचायचे. बहुतेक वेळा त्याआधीच झोप लागायची.

पहिल्या उन्हाळ्यात गोधडी धुऊन मागच्या अंगणात तारेवर टाकली. शेजारच्या आजीबाई सत्तरीच्या पुढच्या, हाताने रजया शिवणाऱ्या. त्या कुंपणापाशी आल्या, ‘येऊ का?’ विचारून आत आल्या, चष्मा लावला आणि काही न बोलता आधी गोधडीची उलटी बाजू बघितली. शिवणारी बाई कुठल्याही देशातली असो, आधी उलटी बाजू बघते. माझी आजीही तेच करायची. दुकानातला फ्रॉक दाखवायला नेला की पहिल्यांदा तो उलटा व्हायचा.

“कुणी शिवली?”

“माझ्या आजीनं.”

त्यांनी बराच वेळ एका कोपऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “तुला ‘राजा’ची रजई माहीत असेलच मग.”

मला वाटलं, कुणा संस्थानिकाची भरजरी रजई असेल. त्या हसल्या नाहीत. ‘राजा’ म्हणजे जहाज, म्हणाल्या. कैदी बायका घेऊन इथे आलेलं. आणि खालच्या बंदराकडे हात केला.

तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागलाय. तीन वर्षं मी जमेल तसं वाचते आहे, बघते आहे, शेजारच्या आजींना प्रश्न विचारते आहे. आज लिहून काढते, कारण गावाकडे कुणाला सांगायला गेलं की दोन मिनिटांत फोनवर दुसराच विषय निघतो.

काळं पाणी म्हटलं की आपल्यापुढे अंदमान येतं. 1911 साली सावरकरांना मद्रासहून अंदमानला नेलं त्या जहाजाचं नाव होतं ‘महाराजा’. त्याच्या 70 वर्षं आधी इंग्रजांनी स्वतःच्याच देशातल्या 180 बायका ‘राजा’ नावाच्या जहाजात भरून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पाठवल्या. साहेबाने हिंदुस्थानातून उचललेली ही नावं अशा कामाच्या जहाजांवर रंगवलेली बघितली की मला अस्वस्थ व्हायला होतं.

इंग्लंडने ऑस्ट्रेलियात कैदी पाठवायला सुरुवात केली 1788 मध्ये. सगळ्या वर्षांत मिळून जवळपास 25,000 बायका आल्या, त्यातल्या निम्म्याच्या आसपास इथे, म्हणजे तेव्हाच्या व्हॅन डायमेन्स लँडमध्ये. टास्मानिया हे नाव 1856 चं. गुन्हे कसले? बहुतेकींचे चोरीचे. मालकिणीच्या घरातलं कापड, दुकानातली चीजवस्तू, कुणाच्या खिशातले पैसे. शिक्षा सात वर्षं, दहा वर्षं, चौदा वर्षं, काहींना जन्मठेप. सात वर्षांची शिक्षा भोगून झाली तरी परतीचं भाडं सरकार देत नव्हतं, आणि मोलमजुरीच्या पैशात एवढ्या लांबचं तिकीट कुठून निघणार? ज्या बाईला वुलिचच्या धक्क्यावर जहाजात चढवलं तिने आपल्या आईला, आणि बऱ्याचदा आपल्या मुलांनाही, तिथेच शेवटचं बघितलं.

‘राजा’ 5 एप्रिल 1841 रोजी टेम्स नदीवरच्या वुलिचहून निघालं आणि 19 जुलैला होबार्टला लागलं. 105 दिवस. जहाजावर 180 कैदी बायका आणि 10 मुलं होती. एक बाई वाटेत गेली. ज्या थंडीत मी हीटर लावून गोधडी शोधत होते, त्याच थंडीत, त्याच बंदरात, त्या 179 जणी उतरल्या. आणि त्यांच्याबरोबर उतरली ती सव्वातीन मीटर लांबीरुंदीहून थोडी मोठी, 2,815 तुकड्यांची एक रजई.

ती रजई आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. रंग उडतील, कापड फाटेल म्हणून फार क्वचित बाहेर काढतात. माझं नशीब की मी गेले तेव्हा ती मांडलेली होती. खोलीत उजेड अगदी मंद, डोळे सरावायला वेळ लागतो. मग आधी मधला पांढरा चौकोन दिसतो. त्यात छापील कापडातून कातरून काढलेले पक्षी आणि फुलं, एकेक आकार बारीक टाक्यांनी पांढऱ्यावर बसवलेला. त्याभोवती तुकड्यांच्या चौकटी, एकीबाहेर एक, अशा बारा. तपकिरी, निळे, लाल, गुलाबी छापे. कडेच्या पट्टीत तीन बाजूंना डेझीची फुलं आणि चौथ्या बाजूला अक्षरं.

एक सांगायला हवं. आत भर नाही, त्यामुळे आपल्या अर्थाने ती गोधडी नव्हे, फार तर पलंगपोस म्हणता येईल. पण चौकटीत चौकट बघून माझ्या बोटांना आपोआप आजीच्या गोधडीची वाट सापडली, म्हणून मी तिला वाकळ म्हणते. ज्या शिवणाऱ्या बाया हे वाचतायत त्यांना त्या चौकटींचं आणखी एक कारण कळेल. अशी रचना अनेक हातांत वाटून देता येते. एकीने इथल्या पट्टीचे चौकोन जोडायचे, दुसरीने तिथल्या. जहाजाच्या पोटात, जिथे पाय पसरायला जागा नाही, तिथे सव्वातीन मीटरचं कापड कोण मांडून बसणार? मांडीवर मावतील एवढे तुकडे जोडत जायचं, आणि डेकवर उघडीप मिळाली की पट्ट्या जुळवायच्या.

काचेच्या मर्यादेत जेवढं जवळ जाता आलं तेवढी गेले. मला टाके बघायचे होते. काही ठिकाणी टाका इतका बारीक आणि एकसारखा की मशीनचा वाटावा. (तेव्हा घरोघरी शिवणयंत्र यायला अजून बराच अवकाश होता.) आणि हातभर पलीकडे टाके मोठे, तिरके, एक लांब एक आखूड, जोडाच्या दोन कडा नीट भिडलेल्या नाहीत. तिथे मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले. ही नवशिकी असणार. जहाज डोलतंय, हातात सुई, शेजारची सांगतेय असं धर, तसं धर. कदाचित बोटीच्या त्रासाने दोनदा उठून गेली असेल. तिचा टाका कुणी उसवला नाही. तसाच ठेवला, आणि तो आता 180 वर्षांहून जास्त टिकलाय.

हे सामान त्यांच्याकडे आलं कुठून, तर एलिझाबेथ फ्राय या बाईमुळे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, श्रीमंत घरातली, पुष्कळ मुलांची आई. 1813 मध्ये ती पहिल्यांदा लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बायकांच्या कोठड्या बघायला गेली आणि हादरली. तेव्हा हद्दपारीच्या आदल्या रात्री बायका तुरुंगात सामानाची मोडतोड करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून लोकांच्या टोमण्यांमधून जहाजाकडे नेलं जायचं. 1818 मध्ये फ्रायने अधिकाऱ्यांच्या मागे लागून बंद घोडागाड्या मिळवल्या आणि स्वतः त्यांच्याबरोबर धक्क्यापर्यंत गेली. त्या वेळच्या ‘मारिया’ जहाजावर 128 बायका होत्या. महिनोन्‌महिने रिकाम्या हातांनी त्या काय करणार, हा प्रश्न तिला पडला. कुणीतरी सुचवलं, ठिगळकाम. मग मँचेस्टरच्या गिरण्यांच्या लंडनमधल्या पेढ्यांकडे जाऊन तिने आणि तिच्या सोबतिणींनी रंगीत कापडाचे तुकडे मागून आणले. दारोदार जाऊन चिंध्या मागणाऱ्या या प्रतिष्ठित बायका माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

त्यातूनच पुढे त्यांची बंदी-जहाज समिती झाली. समिती प्रत्येक बाईला एक पिशवी द्यायची. त्यात बायबल, ॲप्रन, काळी सुती टोपी, आणि शिवणाचं सामान: 100 सुया, टाचण्या, कात्री, अंगुस्तान, पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे, काळा, लाल आणि निळा दोरा, रंगीत दोऱ्यांच्या 24 लडी, आणि दोन पौंड, म्हणजे किलोला थोडे कमी, कापडाचे तुकडे. मी ही यादी वाचली तेव्हा अंगुस्तानापाशी थांबले. सुया आणि तुकडे कुणीही देईल. बोटाला सुई टोचेल याचा विचार करून अंगुस्तान पिशवीत घालणारी बाई स्वतः शिवायला बसलेली असते.

बायकांचे बारा-बारा जणींचे गट केले जायचे आणि प्रत्येक गटाची एक प्रमुख असायची. शिवलेलं सामान वाटेत किंवा पोचल्यावर विकून दोन पैसे गाठीला बांधता यावेत, असाही हेतू होता. आधीच्या एका जहाजावरच्या बायकांनी रजया वाटेत रिओ दि जानेरोला विकल्या आणि एकेका रजईला एक गिनी मिळाली. आजवर अशी किती जहाजं आली, किती रजया शिवल्या गेल्या असतील! त्या सगळ्या विकल्या गेल्या, वापरल्या गेल्या, फाटल्या. कैदी जहाजावर शिवलेली आणि आज ओळख पटलेली अशी ही एकच उरली आहे.

‘राजा’वर बायकांची देखरेख करायला किझाया हेटर नावाची 23 वर्षांची मुलगी होती. लंडनच्या मिलबँक तुरुंगात काम केलेली. व्हॅन डायमेन्स लँडच्या गव्हर्नरची बायको लेडी जेन फ्रँकलिन हिला कैदी स्त्रियांच्या कामात मदत करायला तिला पाठवलं होतं. प्रवासात तिचं आणि कप्तान चार्ल्स फर्ग्युसनचं जमलं, 1843 मध्ये होबार्टला लग्नही झालं. इथे लोक ही प्रेमकथा आवडीने सांगतात. मला तिचं श्रेय वेगळ्या कारणासाठी मोठं वाटतं. तळहाताएवढ्या तुकड्यांतून कुणाला काय जमेल हे ओळखून, चांगलं शिवणारी कुठे बसवायची आणि कच्ची कुठे, हे ठरवणं सोपं नाही. आमच्याकडे घरच्या चार बायका एका गोधडीवर बसल्या तरी संध्याकाळपर्यंत कुरबुर होते.

कापडाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण तिथे आपला धागा आहे. आजी छापील सुती कापडाला चीट म्हणायची. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ हा शब्द आपल्याकडच्या या छीट-चीटमधूनच तिकडे गेला. कोरोमंडल किनाऱ्यावरचं हाताने रंगवलेलं चीट युरोपात इतकं खपू लागलं की तिथल्या विणकरांनी आरडाओरडा केला आणि 1700 आणि 1721 मध्ये इंग्लंडने कायदे करून ते अडवलं. महागामोलाचं ते कापड वाया जाऊ नये म्हणून तिथल्या बायका त्यातली फुलं, पक्षी, झाडं कातरून साध्या पांढऱ्या कापडावर बसवायच्या. ‘राजा’च्या रजईच्या मधोमध आहे ते हेच काम. 1841 पर्यंत अर्थात मँचेस्टरचे कारखाने छापील कापड थप्प्यांनी काढत होते आणि त्यांचा कापूस मुख्यतः अमेरिकेतले गुलाम वेचत होते. म्हणजे त्या पांढऱ्या चौकोनातल्या पक्ष्याची नक्षी हिंदुस्थानी घराण्याची, त्याचा कापूस बहुधा गुलामाच्या हातचा, आणि त्याला टाका घालणारी हद्दपार झालेली चोर.

आता ती अक्षरं. रेशमी दोऱ्याने, बारीक फुलीच्या टाक्यात काढलेली. मी ती तिथे उभी राहून वहीत उतरवली. मराठीत साधारण अशी होतील:

“बंदी-जहाज समितीच्या स्त्रियांना. ‘राजा’ जहाजावरच्या बंदिवानांनी व्हॅन डायमेन्स लँडच्या प्रवासात केलेली ही रजई, इंग्लंडात असताना आणि प्रवासात आपल्या भल्यासाठी घेतलेले कष्ट त्या कृतज्ञतेने स्मरतात याची साक्ष म्हणून अर्पण केली आहे. तसेच उद्योगी राहण्याचा आपला ममतेचा उपदेश त्यांनी वाया घालवलेला नाही, याचा पुरावा म्हणूनही. जून 1841.”

जून. म्हणजे होबार्टला पोचायच्या आधीच अक्षरंसुद्धा पुरी झाली होती. एवढं काम तीन महिन्यांच्या आत! दक्षिणेकडच्या समुद्रात जून म्हणजे वारा आणि उंच लाटा, दिवस लहान, बोटं गारठलेली. फुलीच्या टाक्यात कापडाचे धागे मोजावे लागतात. एक धागा चुकला की अक्षर वाकडं. हे ज्यांनी केलंय त्यांना कळेल की ती ओळ केवढी कमाई आहे.

त्या ओळीवर माझा रागही आहे. वाक्याची घडण शिकलेल्या बाईची आहे. ज्यांनी सुई धरली त्या या वाक्यात ‘त्या’ आहेत, ‘आम्ही’ एकदाही नाही. समितीला मान आहे, जहाजाला नाव आहे, मुक्कामाला नाव आहे, महिना आणि साल आहे. 180 जणींपैकी कुणाचंही नाव नाही. कोणी-कोणी शिवलं याची यादीही नाही. ज्यांना लिहिता येत नव्हतं अशाही त्यांच्यात असणार, आणि शिवणकाम करणारीने न वाचता येणारं अक्षर धागे मोजून अचूक काढणं अगदी शक्य आहे. मी घरी येऊन शेजारच्या आजींना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मी ती अक्षरं फारशी वाचत नाही. मी टाके बघते. सही तिथे आहे.” मला हे पूर्ण पटत नाही. टाका म्हणजे सही खरी, पण ती वाचणारं माणूस गेलं की ती कुणाची हे कोण सांगणार?

नावं मिळतात ती सरकारी वह्यांत. इथल्या कैद्यांच्या नोंदी इतक्या बारकाईने ठेवल्या गेल्यात की 2007 मध्ये युनेस्कोने ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांचे दप्तर जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं. टास्मानियातल्या वह्या घरबसल्या, फुकट, संगणकावर बघता येतात. जहाजाचं नाव टाकलं की बायका एकामागून एक येतात. वय, उंची, डोळ्यांचा रंग, कपाळाची ठेवण, व्रण कुठे, गोंदण कुठे, धंदा काय. मग नोकरीवर असताना मालकिणीला उलट बोलली, परवानगीशिवाय बाहेर राहिली, त्याबद्दल काय शिक्षा झाली. मी रात्री जेवणं उरकल्यावर वाचत बसायचे. उलट बोलली म्हणून शिक्षा झालेल्या बायका मला आपल्या वाटायच्या. पण एवढ्या तपशिलात कुठेही लिहिलेलं नाही की हिने रजईचा अमुक कोपरा शिवला.

उतरल्यावर त्यातल्या बहुतेकींना वसाहतीतल्या घरांत मोलकरीण म्हणून लावलं. काम बिघडलं, भांडण झालं किंवा दिवस राहिले की रवानगी कॅसकेड्स फीमेल फॅक्टरीत. नावात फॅक्टरी, प्रत्यक्षात तुरुंग. तो आमच्या घरापासून बसने 20 मिनिटांवर आहे. पूर्वी तिथे दारूची भट्टी होती, 1828 मध्ये तिचं हे झालं. डोंगराच्या कुशीत, ओढ्याच्या काठी, एवढी ओल की भिंतींवरचं शेवाळ कधी सुकत नाही. आत बायका डोकी खाली घालून शहराचे कपडे धुवायच्या, सूत कातायच्या, शिवायच्या. तिथे जन्मलेली बाळं मोठ्या संख्येने दगावली. 2010 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. मी गेले त्या दिवशी उजेड भिंतीच्या वरच्या टोकालाच होता, खाली अंगणात उन्हाचा कवडसा नव्हता. माझी मुलगी म्हणाली, “आई, इथे कपडे वाळत कसे असतील गं?” मला उत्तर देता आलं नाही.

आणि ज्या भूमीवर या बायकांना उतरवलं तीही कुणाची तरी हिसकावलेली होती. 1841 मध्ये, ‘राजा’ बंदरात शिरलं तेव्हा, टास्मानियाच्या मूळ रहिवाशांपैकी वाचलेल्यांना त्यांच्या घरांपासून दूर, फ्लिंडर्स बेटावरच्या वायबेलेना वस्तीत ठेवलेलं होतं. ही गोष्ट बाजूला ठेवून मला कैदी बायकांबद्दल लिहिता येत नाही.

कॅसकेड्समध्ये मला आणखी एक सुईकाम कळलं. क्रिस्टिना हेन्री या इथल्या कलावतीने ऑस्ट्रेलियात आणलेल्या 25,566 कैदी स्त्रियांपैकी प्रत्येकीसाठी एक कापडी टोपी शिवली जावी असं ठरवलं. नमुना घेतला होबार्टच्या नॅरिना संग्रहालयातल्या, 1860 च्या सुमाराच्या एका मोलकरणीच्या टोपीवरून. जिला शिवायची आहे तिने एका बाईचं नाव घ्यायचं आणि ते टोपीवर दोऱ्याने काढायचं. जगभरातून टोप्या आल्या. शेजारच्या आजींनीही एक शिवली होती. त्यांच्या पणजीची आई कैदी होती, हे त्यांच्या घरात दोन पिढ्या लपवून ठेवलं होतं. “माझ्या आईनं ते मरेपर्यंत कबूल केलं नाही,” म्हणाल्या. टोपी पाठवण्याआधी त्यांनी ती आठवडाभर स्वयंपाकघरात खुर्चीच्या पाठीवर अडकवून ठेवली होती.

रजईचा पुढचा प्रवासही लांबचा आहे. ती परत ब्रिटनला गेली, आणि 1980 च्या दशकात स्कॉटलंडमध्ये सापडेपर्यंत जगाला तिचा पत्ता नव्हता. 1989 मध्ये देणगीतून ती कॅनबेराला आली. 2010 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने रजयांचं मोठं प्रदर्शन केलं, तेव्हा ती तिथे पाहुणी म्हणून गेली. त्याच प्रदर्शनात लंडनच्याच वाँड्सवर्थ तुरुंगातल्या पुरुष कैद्यांनी शिवलेली एक नवी रजई होती. त्यांना शिवण शिकवणारी संस्था कैद्यांना या कामाचे पैसे देते. धिप्पाड माणसं कोठडीत बसून सुईत दोरा ओवतायत, हे मला फ्रायबाईंना दाखवायला आवडलं असतं.

गेल्या रविवारी आईशी व्हिडिओवर बोलताना हे सगळं तिला सांगत होते. कॅमेऱ्यासमोर गोधडी धरून म्हटलं, बघ, आजीचा टाका आणि त्या नवशिक्या बाईचा टाका यात केवढा फरक. आई म्हणाली, जरा जवळ धर. आणखी जवळ. मग म्हणाली, “सगळी गोधडी आजीची नाही गं. मधला भाग बघ.”

मी बघितलं. इतकी वर्षं त्यावरून बोट फिरवलं आणि दिसलं नव्हतं. कडेच्या सात-आठ चौकोनांचा टाका लांब, सैलसर, आजीचा. आत जाता जाता एका कोपऱ्यावर दोरा बदलतो, आणि तिथून टाका एकदम बारीक होतो, तांदळाच्या कणीएवढा, अगदी मध्यापर्यंत.

“धाकट्या काकूचा आहे तो,” आई म्हणाली. “तुझ्या जन्माआधीची गोष्ट. दोनच वर्षं होती आपल्याकडे. मग तिला माहेरी नेऊन सोडली, परत काही आणली नाही. हात फार सुबक होता तिचा. आजी बाहेरून शिवत आली आणि ती आतून.”

धाकट्या काकाला एक लग्न आधी झालं होतं, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरातल्या एकाही फोटोत ती नाही.

मी विचारलं, “तिचं नाव काय होतं?”

आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “माहेरचं सांगू, का आपण ठेवलेलं?”

“दोन्ही सांग,” म्हटलं, आणि वही ओढली.